मस्यूंची गिरकी

"पालथा, पालथा! किती वेळा सांगायचं ह्यांना, काटा पालथा घालायचा म्हणून!"

हे ऐकलं तेव्हा माझ्या हातात धुतलेल्या ग्लासांचा ट्रे होता. डायनिंग रूममधले दिवे अजून लावले नव्हते. खिडकीजवळच्या टेबलाशी ते एकटेच पाठमोरे उभे होते आणि एकेक काटा उचलून उलटा करत होते. जुन्या फ्रेंच पद्धतीत काट्याची टोकं टेबलक्लॉथकडे करतात. मी ती छताकडे केली होती. चूक माझीच होती, पण त्या क्षणी काट्यांचं मला काहीच वाटलं नाही. इतके महिने जो माणूस माझ्याशी नाकातल्या, फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत बोलत आला होता, तो मराठीत चिडत होता. अगदी माझ्या आईसारखा.

मी ट्रे ठेवला तसा ग्लासांचा आवाज झाला. ते वळले.

"तुम्ही मराठी आहात?" मी विचारलं.

त्यांनी जॅकेटची बटणं नीट केली. "द फोर्क्स, मादम्वाझेल," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

त्यांना सगळे मस्यू म्हणायचे, म्हणजे फ्रेंचमध्ये साहेब. मालकीण, शेफ, भांडी घासणारे, दारात पाकीट टाकणारा पोस्टमन, सगळे. मीही तेच म्हणते. सिडनीत त्यांच्याबद्दल लोक फार गोड बोलतात. कुठे त्या रेस्टॉरंटचा विषय निघाला की कोणीतरी मान तिरकी करून म्हणतंच, "ओह, आय लव्ह्ड हिम." मला तसं गोड बोलता येत नाही. त्यांच्याकडून मी जेवढं शिकले तेवढं पैसे भरलेल्या युनिव्हर्सिटीत शिकले नाही, आणि त्यांच्याइतका राग मला दुसऱ्या कुठल्याच माणसाचा आलेला नाही. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

रेस्टॉरंट शहराच्या पूर्वेकडे होतं. हॅरिस पार्कच्या माझ्या फ्लॅटपासून आधी ट्रेन, मग बस, मग चढ. तिथे सगळं जुनं होतं, आणि ते जुनं दिसावं म्हणून रोज नव्याने राबावं लागायचं. खिडक्यांना अर्ध्या उंचीचे लेसचे पडदे, पितळी दांडे, लाल बाकं, कडांना तपकिरी पडलेले आरसे. कांद्याचं सूप, लसूण-लोण्यातल्या गोगलगायी, बदक, सोल मासा. मेन्यू हाताने लिहिलेला, फक्त फ्रेंचमध्ये. मालकीण मादाम, ऐंशीच्या पुढच्या फ्रेंच बाई, गल्ल्याजवळ उंच खुर्चीवर बसून असायच्या आणि लोकांच्या गालांना गाल लावायच्या. पाहुणे आत आले की उसासा टाकायचे, "इथे काळ थांबलाय." तो थांबलेला काळ दर गुरुवारी मी पितळ उजळायच्या पावडरीने घासायचे. नखांतून ती पावडर रविवारपर्यंत जात नसे.

माझी जागा पासवर होती. पास म्हणजे स्वयंपाकघरातला शेवटचा स्टीलचा ओटा. शेफ त्यावर प्लेट ठेवतो, वेटर तिथून उचलून बाहेर नेतो. माझं काम होतं प्लेटची कड पुसणं, ग्लास चमकवणं, नॅपकिनच्या घड्या घालणं. पासच्या पुढे एक झुलतं दार होतं, त्याला गोल काच. सर्व्हिस चालू असताना मी त्या दारापलीकडे जायचं नाही, असा मस्यूंचा नियम होता. बाकीच्या मुली जायच्या. एक टास्मानियाची होती, तिने त्याआधी फक्त सर्फिंगच्या फळ्यांच्या दुकानात काम केलं होतं. एक आयरिश होती, ती डावं-उजवं विसरायची. हॉस्पिटॅलिटीत मास्टर्स केलेली मी एकटी होते, आणि मी काचेतून बघायचे.

मला फ्लोअरवर, म्हणजे बाहेर पाहुण्यांना वाढायला, जायचं होतं. यापेक्षा मोठं काही मला त्या वर्षांत नको होतं. लोकांशी बोलायला मी घाबरते, ठाण्याच्या शाळेत असल्यापासून. पण वाढताना बोलायचं काय ते ठरलेलं असतं, कुठे उभं राहायचं ते ठरलेलं असतं, आणि तरीही समोरचा माणूस सुखावतो. माझ्यासारखीसाठी याहून चांगलं काम नाही, असं मला मनापासून वाटायचं. अजूनही वाटतं.

मस्यूंचे नियम पुष्कळ होते. टेबलक्लॉथ अंथरल्यावर ते टेबलावरच इस्त्री फिरवायचे, घडीची रेघ दिसू नये म्हणून. "रेघ दिसली की जेवण दिसत नाही." स्टाफने अत्तर लावायचं नाही. पाहुण्याने फोन टेबलावर ठेवला की ते एक छोटी बशी आणायचे, फोन तिच्यात ठेवायचे, वर चांदीचं झाकण घालायचे आणि घेऊन जायचे. कॉफीबरोबर परत. लोक टाळ्या वाजवायचे. आत लालसर ठेवायचा तो स्टेक कोणी पूर्ण शिजवून मागितला तर ते खाली वाकून अगदी हळू आवाजात विचारायचे, "कोणाच्या स्मरणार्थ?" सॉस वेगळ्या वाटीत मागणाऱ्या एका बाईंना ते म्हणाले होते, "मादाम, सॉस काही पाहुणा नाही, त्याला वेगळी खोली द्यायला." बाई इतक्या हसल्या की त्यांनी सॉस वरूनच घेतला.

दारामागे मीही हसायचे. खोटं कशाला सांगू.

पण कामावर येताना मागच्या दारात मस्यू उभे असायचे आणि प्रत्येकाचा वास घ्यायचे. माझ्या फ्लॅटखाली चाटचं दुकान होतं, शेजारी मिठाईचं, आणि माझी फ्लॅटमेट पुण्याची, तिला फोडणीशिवाय चैन पडायचं नाही. माझा कोट जवळ आला की मस्यूंच्या नाकपुड्या हलायच्या.

"क्युमिन," ते म्हणायचे. बस, एवढंच. जिरं. मग माझा कोट बाहेर, कचऱ्याच्या डब्यांच्या वरच्या खिळ्याला. हिवाळ्यातसुद्धा. बाकीच्यांचे कोट आत खुंटीवर.

त्या काट्यांनंतर एक-दोन दिवसांनी मी कोठीतून मीठ आणायला गेले. मस्यू पिठाच्या पोत्यांमागे उभ्याउभ्या जेवत होते. बिस्किटाच्या गोल पत्र्याच्या डब्यात दहीभात होता, वर तळलेली सांडगी मिरची. मला पाहताच त्यांनी झाकण लावलं. तोंडात घास होता, तो त्यांनी तसाच धरून ठेवला, मी बाहेर जाईपर्यंत. थोड्या वेळाने ते पार्स्लीची पानं चघळत पासवरून गेले. माझा कोट तेव्हा बाहेर पावसात भिजत होता.

त्या रात्री फ्लॅटमेट म्हणाली, "अगं मग बोल ना त्याला! मेला स्वतः मिरच्या खातो आणि तुला क्युमिन क्युमिन करतो?"

"बोलेन."

"कधी? पुढच्या जन्मी? तू ना, यार, सॉरी पण तू फर्निचरला पण सॉरी म्हणतेस."

काट्यांचा प्रसंग झाला त्यानंतरच्या रविवारी दुपारची सर्व्हिस संपली. रविवारी संध्याकाळी रेस्टॉरंट बंद असायचं. सगळे गेले, मी नॅपकिन मोजून कपाटात ठेवत होते. मस्यू दार ढकलून आले, एक खुर्ची ओढली आणि म्हणाले, "बस की. पाय दुखत असतील."

मी बसले. "काका, तुम्ही कुठले?" एवढंच सुचलं.

"काका नको. काका म्हटलं की माणूस म्हातारा होतो आणि कामं फुकट करावी लागतात." मग म्हणाले, "मिरज."

त्यांची मराठी जुनी होती, न वापरता ठेवलेल्या भांड्यासारखी, आणि वाक्याच्या शेवटी हमखास "की" यायचा. मुंबईहून बोटीवर मदतनीस म्हणून निघाले, फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरले ते परत चढलेच नाहीत. तिथल्या एका हॉटेलात बटाटे सोलण्यापासून सुरुवात केली आणि वाढप्यापर्यंत पोचले. मग मादामच्या नवऱ्याने त्यांना इथे आणलं. एवढंच सांगितलं. बायको, मुलं, काही नाही. मीही विचारलं नाही.

"पण पाहुणे तर म्हणतात तुम्ही साउथ ऑफ फ्रान्सचे."

"ते म्हणतात. मी नाही. मला विचारलं तर मी म्हणतो, दक्षिणेकडचा. मिरज दक्षिणेलाच आहे की. आयुष्यात एक शब्द खोटा बोललो नाही मी त्या खोलीत."

त्यांना याचा अभिमान होता. खरंच होता.

त्या रविवारपासून ते मला शिकवू लागले. रिकाम्या डायनिंग रूममध्ये खुर्च्यांना पाहुणे समजायचं. "ही बाई बहिरी आहे, उजव्या बाजूने बोल. हा नवरा बायकोवर चिडलाय, ह्याला आधी वाढू नको, अजून चिडेल. हा पोरगा आज मागणी घालणार आहे, त्याच्या पाण्याकडे लक्ष ठेव, घसा कोरडा पडतोय त्याचा." उरलेलं बदक घेऊन ते काट्यावर हवेत धरून कसं कापायचं, सोल माशाचा काटा दोन चमच्यांनी अख्खा कसा उचलायचा, क्रेप नावाच्या गोड धिरड्यांवर जाळ करताना तवा कुठल्या बाजूला कलता करायचा, सगळं. चुकलं की पुटपुटायचे, "देवा, हिला बुद्धी दे, नाहीतर मला मरण दे." जमलं की नुसता पुढचा चमचा हातात द्यायचे. त्या दुपारी मला आवडायच्या. घरी आईशी फोनवर बोलतानासुद्धा मी इतकी मराठी बोलत नव्हते.

गिरकी मला तिथेच कळली.

ही गिरकी त्या रेस्टॉरंटची शान होती. पावाची छोटी बशी पाहुण्याच्या डाव्या हाताला असते. वाढप्याने डावीकडून यायचं आणि डाव्या हाताने पाव ठेवायचा, म्हणजे कोपर पाहुण्याच्या तोंडासमोर येत नाही. जगभर हाच नियम. मस्यू तसं करत नसत. ते डावीकडून यायचे, एक पाय मागे घेऊन सगळं अंग वळवायचे, कमरेत किंचित झुकायचे आणि उजव्या हाताने अलगद पाव ठेवायचे. एखाद्या नाचातला तुकडा असावा तसं ते दिसायचं. लोक ते बघायला यायचे. एका बाईंनी तर माझ्यासमोर काचेपलीकडे मैत्रिणीला सांगितलं होतं, की असं वळणं आता फक्त दक्षिण फ्रान्सच्या खेड्यांतल्या खानावळींत राहिलंय, तेही जुन्या माणसांत.

रविवारी त्यांनी मला पाव वाढायला सांगितला. पुस्तकात शिकवतात तसा. मी डावीकडून गेले, डावा हात पुढे केला, आणि तो पुढे जाईना. हातात अन्न, समोर माणूस, आणि डावा हात. माझं अंग आपोआप वळलं, पाय मागे गेला, आणि उजव्या हाताने मी पाव ठेवला. माझी गिरकी कुरूप होती, मी टेबलाला आपटलेही. पण गिरकी तीच होती.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते हसत होते. मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मी त्यांना तेवढं एकदाच हसताना पाहिलं.

"तुझीपण खोड जात नाही व्हय?" ते म्हणाले. "माझी आई पळीने बोटांवर मारायची. डाव्या हाताने भाकरी दिली की सटकन. मार्सेयला तो हेडवेटर ओरडून दमला, गोश, गोश, डावा, डावा! हात उठायचाच नाही. मग म्हटलं, उजव्यानेच देऊ, पण असं देऊ की कोणी ओरडायला नको."

मग त्यांनी मला पायांचा क्रम दाखवला. कुठला पाय आधी, वजन कधी टाकायचं. मी महिनाभर फ्लॅटमध्ये फ्रिजसमोर सराव केला. फ्लॅटमेटला वाटलं मी झुंबा लावलाय.

मला सगळं येऊ लागलं तेव्हा मी धीर करून विचारलं. वाक्य बसमध्येच पाठ केलं होतं. "मला फ्लोअरवर घ्याल का?"

ते चमचे पुसत होते. थांबले नाहीत.

"नाही."

"पण मला येतं. तुम्हीच शिकवलंत."

"येतं की. त्या दोघींपेक्षा चांगलं येतं."

"मग?"

"एक असला की त्याला ते फ्रेंच समजतात. दोन दिसले की इंडियन." त्यांनी चमचा उजेडात धरून बघितला. "तू बाहेर आलीस की ते तुझ्याकडे बघतील, मग माझ्याकडे बघतील. मग मोजतील. इतकी वर्षं कोणी मोजलं नाही, पोरी."

मला वाटलं होतं मी वाईट काम करते म्हणून मला आत ठेवलंय. किंवा लाजते म्हणून. मी आरशासमोर हसण्याचा सराव केला होता. आणि इथे कारण एवढंच होतं, की माझा चेहरा त्यांच्या चेहऱ्याची चहाडी करणार होता. ज्या मराठीत ते मला "बस की" म्हणाले त्याच मराठीत त्यांनी हे सांगितलं, आणि वर म्हणाले, "पुढच्या रविवारी सूफ्ले बघू."

मी काय केलं? पुढच्या रविवारी सूफ्ले, तो अंड्याचा फुगलेला पदार्थ, खाली न बसवता वाढायला शिकले. राग घेऊन शिकले, पण शिकले. नोकरी सोडायचं रोज ठरवायचे आणि रोज त्या चढावरून वर जायचे.

मादाम आजारी पडल्या आणि मुलीकडे ॲडलेडला गेल्या. रेस्टॉरंट त्यांच्या भाच्याने घेतलं. भाचा इथेच जन्मलेला, चाळिशीचा, सगळ्यांना मेट म्हणणारा, सगळ्यांच्या खांद्यावर हात ठेवणारा. त्याला जुनेपणा अजून वाढवायचा होता. वेबसाइटसाठी त्याला "आमची गोष्ट" लिहायची होती. पासजवळ उभा राहून त्याने मस्यूंना विचारलं, "साउथमधलं नक्की कुठलं गाव, मेट? नकाशावर टिंब टाकायचंय."

मी प्लेट पुसत होते. माझा हात थांबला.

मस्यू खोटं बोलत नसत. "मिरज," ते म्हणाले. "महाराष्ट्र. साउथ महाराष्ट्र."

भाच्याने मोठ्याने हसून त्यांच्या पाठीवर थाप मारली. "मेट, दॅट्स ऑसम! आय हॅड नो आयडिया!"

नकाशा वेबसाइटवर आलाच नाही. काही दिवसांनी उत्तर फ्रान्समधल्या लील शहराचा एक पंचविशीचा मुलगा आला. तो क्वीन्सलंडला केळी तोडून आला होता, त्याआधी फ्रान्समध्ये मोबाइलच्या दुकानात होता. त्याचा यात काही दोष नव्हता, तो बिचारा मला रोज विचारायचा सॅलडचा काटा कुठला. पण त्याचा उच्चार खरा होता आणि गाल गुलाबी होते. भाचा मस्यूंना म्हणाला, आता तुम्ही आराम करा, आतून लक्ष ठेवा, तुम्ही म्हणजे फॅमिली आहात. कोणी कोणाला काही वाईट बोललं नाही. सगळं इतकं गोडीने झालं की ओरडायला कुठे जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मस्यू पासवर माझ्या शेजारी उभे राहिले. जॅकेट काढून, बाह्या दुमडून, चांदीचे चमचे घासत.

"तुम्ही काही बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"काय बोलायचं? लोक इथे फ्रान्स बघायला येतात. मीच तुला सांगितलं की."

"तुम्ही इतकी वर्षं..."

"बरोबर आहे त्याचं," ते म्हणाले. "मी मालक असतो तर हेच केलं असतं."

मला ते हरल्याचं दुःख झालं नाही. मला संताप आला. ज्या नियमाने त्यांनी मला दारामागे ठेवलं, तोच नियम आता त्यांना आत ढकलत होता आणि हा माणूस त्याची बाजू घेत होता. त्यांनी एक प्लेट जरी आपटली असती तरी मी त्यांना माफ केलं असतं. ते चमचे घासत राहिले. सुंदर घासायचे.

आणि भाचा बाहेर त्या मुलाला गिरकी शिकवत होता. "दिस इज अवर सिग्नेचर, मेट. ओल्ड साउथ ऑफ फ्रान्स थिंग." त्या मुलाला डाव्या हाताने पाव देता येत होता. सहज, सरळ, काही अडचण नव्हती. भाचा त्याला ते विसरून उजव्याने द्यायला लावत होता.

पुढे एका रविवारी दुपारी एक वयस्क जोडपं आलं. लग्नाची मागणी त्यांची इथेच झाली होती आणि दर वर्षी ते त्याच टेबलावर बसायचे. मस्यूंनी त्यांना इतक्या वेळा वाढलं होतं की त्यांना मेन्यू लागत नसे. त्यांनी दोघांत एक सोल मागवला, टेबलाशी काटे काढून वाढायचा. तो फ्रेंच मुलगा दारातून आत आला तेव्हा त्याचे गाल पांढरे पडले होते. "आय कान्ट," तो म्हणाला. "काटा तुटेल."

"मस्यूंना पाठव ना बाहेर," शेफ म्हणाला.

भाच्याने मान हलवली. "इथेच काढा, प्लेटमध्ये लावा, तो घेऊन जाईल. नो ड्रामा."

मस्यूंनी चमचे उचलले आणि परत खाली ठेवले. "हात हलतोय," ते मला मराठीत म्हणाले. "तू कर."

मी केलं. काटा अख्खा निघाला. वर लोणी, लिंबू, पार्स्ली. मस्यूंनी प्लेटची कड पुसली, जे माझं काम होतं. तो मुलगा ती घेऊन गेला. आम्ही दोघं काचेशी उभे राहिलो.

बाईंनी एक घास खाल्ला आणि डोळे मिटले. मग भाच्याला विचारलं, "मस्यू कुठे आहेत? दिसले नाहीत."

भाच्याने हात छातीवर ठेवला. "ते घरी गेले. साउथला. ऊन, समुद्र. त्यांनी ते कमावलंय, नाही का?"

"ओह, हाउ लव्हली," बाई म्हणाल्या, आणि नवऱ्याने मस्यूंच्या नावाने ग्लास उचलला.

मी मस्यूंकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तेवढ्यात बाहेर तो मुलगा पाव घेऊन आला. डावीकडून गेला, पाय मागे घेतला, वळला, अडखळला, उजव्या हाताने पाव ठेवला. बाईंनी टाळी वाजवली. "अगदी मस्यूंसारखं!"

माझ्या कानाशी मस्यू पुटपुटले, "पाय चुकला. डावा आधी घ्यायचा."

"तुम्हाला राग येत नाही?" माझा आवाज चढला होता. शेफने वळून बघितलं.

"कशाचा? शिकेल की हळूहळू."

पुढे काय झालं ते आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी उगाच आशा ठेवायला नको. ते बाहेर आले नाहीत. जोडपं गोंधळलं, गोड शब्दांत बिल मागितलं आणि गेलं. मला भाच्याने त्याच दुपारी घरी पाठवलं, परत येऊ नकोस असं अगदी हसतमुखाने सांगून. मस्यूंनी माझा फोन कधीच उचलला नाही. एकदाच मेसेज आला, इंग्रजीत, "तू मला माझ्या पाहुण्यांसमोर उघडं पाडलंस." पाहुणे त्यांचेच राहिले, शेवटपर्यंत. मी आता दुसरीकडे फ्लोअरवर काम करते, साध्या बिस्त्रोमध्ये, आणि पाव उजव्या हाताने देते. लोक विचारतात, मी सांगते का देते ते. पण मला पश्चात्ताप झालेला नाही, आणि माझा राग कमी झालेला नाही.

मी दार ढकललं. अंगावर ओला एप्रन, हातांना लोण्याचा आणि माशाचा वास. खोलीत माणसं भरलेली होती आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सर्व्हिस चालू असताना त्या गालिच्यावर पाय ठेवला. भाच्याने माझ्याकडे बघून भुवया उचलल्या, अजून हसतच. बाईंना वाटलं मी पाणी आणलंय. "येस, डार्लिंग?" त्या म्हणाल्या, आणि ग्लास माझ्याकडे सरकवला.

माझा आवाज लहान आहे. पण त्या खोलीत काटे-चमच्यांखेरीज कसलाच आवाज नसे, ती मस्यूंचीच शिस्त होती. शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं असणार. मी बाईंकडे बघून इंग्रजीत म्हणाले:

"ते कुठेही गेलेले नाहीत. त्या दाराच्या मागे उभे आहेत, आणि तुम्ही बोललात ते सगळं त्यांना ऐकू येतंय."